वैमानिक प्रशिक्षणातील स्थित्यंतरे : सिम्युलेटर आणि खानदेशातील धावपट्ट्या

प्रस्तावना : खानदेशाचा इतिहास कापूस, केळी आणि रेल्वे यांच्या संदर्भात विपुल लिहिला गेला, परंतु वैमानिक घडविणारा प्रदेश या नात्याने जळगाव-धुळे परिसराचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणाचे बदलते स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यांचे शिक्षण बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये झाले होते. त्याच सुमारास अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भात्यांच्या साहाय्याने हलणारी, जमिनीवरच राहणारी विमानप्रतिकृती तयार केली. प्रारंभी ती जत्रेतील करमणूक ठरली. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवामानात अनेक लष्करी वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथील लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. तात्पर्य, सिम्युलेटरला मान्यता मिळाली ती प्राणहानीनंतर. पुढे संगणक आले, सहा दिशांनी हालणारे मंच आले. इंजिन बंद पडणे, आग लागणे यांसारखे प्रसंग जमिनीवरच अनुभवता येऊ लागले.

खानदेशातील विकास : मुंबईच्या आकाशातील वर्दळ वाढत गेली आणि कालांतराने बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर आले. शिरपूर येथेही प्रशिक्षण संस्था उभी राहिली. जळगावचे विमानतळ २०१२ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पाच विमानतळांत त्याचा समावेश झाला. मोकळे आकाश आणि विरळ वाहतूक ही या प्रदेशाची जमेची बाजू होय.

सिम्युलेटरची मर्यादा : व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याच्या पात्रतेसाठी लागणाऱ्या ४० तासांपैकी २० तासांपर्यंतच सिम्युलेटरवरील सराव ग्राह्य धरला जातो. उर्वरित शिक्षण आकाशातच घ्यावे लागते, आणि त्याची किंमत कधी फार मोठी असते. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात, सातपुड्याच्या कुशीत, प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. तिला आदिवासी ग्रामस्थांनी साडी आणि बांबूची झोळी करून डोंगरातून खाली आणले. सिम्युलेटरमध्ये चुकलेला प्रसंग पुन्हा प्रारंभापासून घेता येतो. सातपुड्यात ती सोय नाही.

निष्कर्ष : सिम्युलेटरने वैमानिकाला चुकण्याचे स्वातंत्र्य दिले; परंतु वारा, उष्मा आणि भय यांची प्रत्यक्ष ओळख धावपट्टीच करून देते. म्हणूनच यंत्राच्या प्रगतीबरोबर धावपट्टीच्या भोवतालची बचावव्यवस्थाही सक्षम झाली पाहिजे. झोळी हे ग्रामस्थांच्या माणुसकीचे प्रतीक आहे. ती व्यवस्थेला पर्याय ठरू नये.