महाराष्ट्रांतील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा उपासनाधर्म व त्याचें अवशिष्ट स्वरूप

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत धर्मांतराची कथा फार व उपासनेची थोडी आहे. कोणास कोणत्या सालीं बाप्तिस्मा मिळाला, त्यावरून कज्जे कसे झाले, श्रीपत शेषाद्रीच्या प्रायश्चित्ताच्या वादांत बाळशास्त्री जांभेकर कोणत्या बाजूस उभे राहिले, हें सारें तपशिलानें सांपडतें. पण बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य पुढच्या रविवारीं मंडळींत जाऊन काय करी, काय गाई, त्याच्या वर्तनाचा निवाडा कोण करी, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. संप्रदाय मतानें जन्मतो, पण टिकतो तो आचारानें, ही गोष्ट वारकरी व महानुभाव यांचा इतिहास लिहितांना आमचे अभ्यासक विसरत नाहींत; ख्रिस्ती संप्रदायांच्या बाबतींत मात्र ती नेहमीं विसरली जाते. प्रस्तुत लेखांत स्कॉटिश मिशनच्या परंपरेंतून निघालेल्या मराठी मंडळ्यांच्या आचाराचा विचार करावयाचा आहे. त्या मंडळ्या पुढें मोठ्या संयुक्त मंडळींत मिळून गेल्या; तेव्हां जुन्यापैकीं काय टिकलें, काय गेलें आणि जें गेलें तें जाण्याजोगेंच होतें काय, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाहीं.

प्रथम नांवाविषयीं. 'प्रेस्बिटर' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ वयानें मोठा, वडील. मराठी बायबलांत त्यास 'वडील' हाच प्रतिशब्द योजिला आहे व तो उत्तम आहे. वयाचा वाचक शब्द अधिकाराचा वाचक होण्याचा हा प्रकार आपल्याकडे अपूर्व नाहीं. संस्कृत 'स्थविर' व पाली 'थेर' हे शब्द बौद्ध संघांत याच वाटेनें गेले. प्रेस्बिटेरियन मंडळी म्हणजे वडिलांच्या सभेनें चालणारी मंडळी. तींत बिशप नाहीं. उपदेश करणारा पाळक हा वडिलांपैकींच एक. तो सभेचा अध्यक्ष असतो, धनी नव्हे. एका मंडळीच्या वडिलांची सभा तें सेशन. अनेक मंडळ्यांचे पाळक व त्यांच्याबरोबर निवडून आलेले वडील मिळून प्रेस्बिटरी. तिच्यावर सिनॉड व सर्वांवर महासभा. खालच्या सभेचा निर्णय न पटल्यास वरच्या सभेंत दाद मागतां येते.

हें वाचतांना मराठेशाहीच्या कागदपत्रांशीं परिचय असलेल्या वाचकास गोतसभेची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंही निवाडा एकट्यादुकट्याचा नसे. पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार बसत, साक्षी होत, महजर होई, आणि गांवचा निवाडा मान्य नसेल तर वादी परगण्याच्या मजलशीकडे जाई. परंतु एक भेद मोठा आहे व तो झांकणें बरोबर होणार नाहीं. गोतांत बसण्याचा हक्क वतनाचा, म्हणजे जन्माचा होता. सेशनमध्यें बसण्याचा हक्क निवडीचा होता. प्रभुभोजनास पात्र असलेल्या सभासदांनीं ज्यास निवडावें तो वडील, मग तो कोणत्याही जातींत जन्मलेला असो. ज्या मंडळींत पूर्वाश्रमींचा ब्राह्मण व पूर्वाश्रमींचा महार एका वहींत सभासद म्हणून नोंदले जात तेथें या निवडीचा अर्थ काय होत असेल, हें सांगावयास नको. शिवाशिव पाळणाऱ्या समाजांत मनुष्यास न्यायासनावर बसविणें हें त्यास पंक्तीस घेण्याहूनही मोठें पाऊल होय, असें आमचें मत आहे.

आतां थोडा इतिहास. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ सालीं कोंकणांत बाणकोटास आले व पुढें हर्णैसही राहिले. त्यांच्यांतील जॉन स्टीव्हन्सन यांचें नांव आम्हां संस्कृताभ्यासकांस वेगळ्या कारणानें ठाऊक आहे. सामवेदसंहितेचें त्यांचें इंग्रजी भाषांतर १८४२ सालीं निघालें. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. मोरभट दांडेकरांशीं झालेला त्यांचा वाद सर्वश्रुत आहे. पण त्यांनीं १८३१ सालीं मुंबईंत प्रेस्बिटेरियन धर्तीवर एतद्देशीय मंडळी स्थापिली ही गोष्ट तितकी सांगितली जात नाहीं. १८३५ सालीं हें मिशन स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चकडे आलें आणि आठच वर्षांनीं तें चर्चच दुभंगलें. तंटा असा होता कीं, गांवच्या जमीनदारानें नेमिलेला पाळक मंडळीस नको असला तर मंडळीनें तो पत्करावा काय. मे १८४३ मध्यें चारशेंहून अधिक पाळक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनीं फ्री चर्च काढलें. विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूस गेले. मुंबईंत एका बाराएक वर्षांच्या मुलास जातींत परत घेण्याचा अधिकार कोणाचा यावर ब्रह्मवृंदांत खल चालला होता, आणि त्याच वर्षीं एडिंबरोंत मंडळीस पाळक देण्याचा अधिकार कोणाचा यावर एक राष्ट्रीय चर्च फुटत होतें. श्रीपतचे वडील बंधु नारायण शेषाद्री हे त्या वर्षीं ख्रिस्ती झाले, १८५४ सालीं त्यांस दीक्षा मिळाली व पुढें त्यांनीं जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. बाबा पदमनजी हेही कांहीं काळ पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक होते. कोल्हापूर, मिरज या बाजूस अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनीं स्वतंत्रपणें काम केलें. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

या लोकांची उपासना कशी होती? बाहेरून पाहणारास ती रुक्ष वाटे. मूर्ति नाहीं, दीप नाहीं, वेदीवर वस्त्रालंकार नाहींत, छापील प्रार्थनापुस्तक नाहीं. शास्त्रवाचन, त्यावर प्रवचन, पाळकाची स्वयंस्फूर्त प्रार्थना, आणि गायनास बायबलांतील स्तोत्रें. स्कॉटलंडांत १६५० सालचें पद्यबद्ध स्तोत्रपुस्तक चाले व वाद्य कसलेंही चालत नसे. या रुक्षतेच्या मुळाशीं एक तत्त्व आहे व तें पूर्वमीमांसा शिकलेल्या वाचकास चटकन् उमगेल. मीमांसक म्हणतात कीं, कर्मांत प्रमाण एक विधिवाक्य. जें विहित नाहीं तें कितीही रमणीय असलें तरी कर्माचें अंग होऊं शकत नाहीं. प्रेस्बिटेरियनांचा सिद्धांत हाच आहे. इतर पुष्कळ ख्रिस्ती म्हणतात, शास्त्रानें निषेधिलें नाहीं तें उपासनेंत चालेल. हे म्हणतात, शास्त्रानें सांगितलें तेवढेंच चालेल. १६४६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें तयार झालेल्या त्यांच्या मतपत्रिकेंत मात्र एक सवलत आहे: उपासनेची वेळ, स्थळ, बैठक अशा ज्या बाबी सर्वच मानवी व्यवहारांस समान आहेत त्या विवेकानें ठरवाव्या. मीमांसेच्या भाषेंत, अंगें विहित आहेत, प्रयोगाच्या सोयी पुरुषाधीन आहेत.

मराठी मंडळ्यांपुढचा सारा वाद या एका भेदांत सांपडतो. मांडी घालून बसणें, टाळ-मृदंग, ओवी-अभंगाची चाल, कीर्तनाची घाटणी हीं अंगें कीं सोयी? आमच्या मतें या सोयीच होत. स्कॉटलंडची चाल स्कॉटलंडच्या माणसास जशी सोयीची तशी अभंगाची चाल मराठी माणसास. जे गोऱ्या पाळकाच्या सुरावटीस सनातन समजून धरून बसले त्यांनीं आपल्याच मतपत्रिकेचा अर्थ नीट लाविला नाहीं. खुद्द फ्री चर्चनें १८७२ सालीं स्तोत्रांखेरीज इतर गीतांस व १८८३ सालीं वाद्यांस मोकळीक दिली. पुढें १९०० सालच्या ऐक्याबाहेर राहिलेल्या त्याच नांवाच्या मंडळीनें दोन्हींस पुन्हां बंदी केली व २०१० सालीं ती उठविली. ज्या गोष्टीवर मूळस्थानींच सवाशें वर्षें एकमत नाहीं ती आमच्यांतील श्रद्धेची कसोटी कशी होणार?

पण दुसरी बाजूही आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांचीं पदें मात्र भिंती ओलांडून सर्व मराठी मंडळ्यांत गेलीं. तीं गोड आहेत, मराठी आहेत, आणि आमच्या भाषेचा तो ठेवा आहे. त्यांच्याबरोबर चाल बदलली याचें दुःख नाहीं. गायनाचा विषय बदलला हें मात्र लक्षांत घेतलें पाहिजे. स्तोत्रसंहितेंत आनंद आहे तसा आक्रोश आहे, शत्रूवरचा संताप आहे, देवाशीं भांडण आहे, देव गप्प कां म्हणून विचारणें आहे. पदांत भक्ताचा प्रेमभाव बहुधा प्रधान असतो. दुष्काळांत व प्लेगांत होरपळलेल्या माणसास दोन्ही लागतात. स्तोत्रें अभंगाच्या चालीवर गाणें शक्य असतां तीं केवळ वाचनापुरतीं उरावीं, हें खरें नुकसान. तें चालीच्या वादांत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. नवल असें कीं, पुण्यास राहिलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनीं १९१९ सालीं ज्ञानेश्वर-नामदेव-तुकारामादिकांच्या अभंगांचें इंग्रजी भाषांतर छापलें तेव्हां ग्रंथाच्या नांवांत अभंगांस 'साम्स', म्हणजे स्तोत्रेंच म्हटलें. अभंग आणि स्तोत्र यांचें सख्य प्रेस्बिटेरियन कानास ऐकूं आलें होतें.

प्रश्नोत्तरीविषयीं थोडें सांगतों. लहान प्रश्नोत्तरींत १०७ प्रश्न. मुलानें ते तोंडपाठ करावयाचे. हल्लीं पाठांतरास नांवें ठेवण्याची चाल आहे. आम्ही स्वतः संथा घेऊन शिकलों व पुढें मुलांस शिकविलें. आमचा अनुभव असा कीं, अर्थ न कळतां पाठ झालेलें वाक्य वीस वर्षांनीं अर्थ देतें, पण पाठच न झालेलें कांहींच देत नाहीं.

ऐक्याचा क्रम असा. भारतांतील अनेक प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्या १९०४ सालीं एक झाल्या व त्यांनीं बारा कलमांची संक्षिप्त मतपत्रिका घेतली. मातृसंस्थांच्या जुन्या मतपत्रिका टाकून न देतां त्यांची शिफारस प्रस्तावनेंत ठेविली. १९२४ सालीं काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा संस्थांचें ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निघालें. त्यांत बिशप आले, मात्र घटनेनें बांधलेले. बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. 'प्रेस्बिटर' शब्दही राहिला, पण कोणाकडे? दीक्षित पाळकाकडे. प्रापंचिक राहून न्यायासनावर बसणारा जो वडील, ज्याच्यावरून त्या परंपरेस नांव मिळालें, तो त्या शब्दाबाहेर पडला; त्याच्या जागीं पाळकक्षेत्राची समिति आली. समितीही निवडलेलीच असते, हें खरें. तथापि समितीचा सभासद मुदतीपुरता असतो. वडिलास दीक्षा मिळे व ती आजन्म असे. बिशप आला हें आम्हांस मोठें स्थित्यंतर वाटत नाहीं. वडील गेला हें वाटतें.

आमच्या खानदेशांत स्कॉटिश मिशन रुजलें नाहीं. पाचोरा ज्या पूर्व खानदेशांत मोडत असे तेथें लोहमार्गाच्या आश्रयानें ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनें काम केलें. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे कॅनडांतील कडक प्रेस्बिटेरियन घराण्यांतले, प्रश्नोत्तरीवर वाढलेले व टोरोंटोच्या नॉक्स कॉलेजांत शिकलेले. १८८१ सालीं बाप्तिस्म्याविषयींचें मत बदलल्यामुळें त्यांनीं न्यूयॉर्क येथील आपली प्रेस्बिटेरियन मंडळी सोडली. म्हणजे आमच्याकडे ही परंपरा आली ती तिच्यांतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातून. म्हणून जालना, पुणें, मुंबई येथील मंडळ्यांशीं खानदेशांतील मंडळ्यांची तुलना उपयुक्त होईल: बायबलांतला 'वडील' हा शब्द दोहोंकडे एकच असतां त्याचा अधिकार कोठें किती होता, हें त्यावरून कळेल.

ती तुलना करण्यास साधन एकच, मंडळ्यांचीं जुनीं दफ्तरें. वडिलांच्या निवडीच्या नोंदी, शिस्तीचे निवाडे, प्रभुभोजनास बसणारांच्या याद्या, उपासनेंत कोणतें स्तोत्र गाइलें याचीं टिपणें. महजर जपावे हें आपण आतां शिकलों. या वह्या अजून रद्दींत जाण्याचें भय आहे. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबा मंडळीचे वडील होते त्यांनीं अशा वह्या व सुटे कागद, मोडींत असोत वा बाळबोधींत, संशोधकांस नकलून घेऊं द्यावे. मूळ कागद मालकाजवळच राहूं द्यावा.