दामाजीपंतांचे कोठार

मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच मुलखात पंधराव्या शतकात, बहामनी अमदानीत, भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी श्री संत दामाजीपंत हे तेथे बादशहाचे अधिकारी होते, असे परंपरा सांगते. सरकारी कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या.

पंत विठ्ठलभक्त होतेच. नित्य गीतापाठ करावा, आल्यागेल्यास जेवू घालावे, असा त्यांचा क्रम. पण ही भक्ती घरच्या शिध्यावर चालणारी होती. पुढची हकीकत महिपतींनी १७६२ साली रचलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात येते. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण पंतांच्या घरी पानावर बसला आणि घास घेताना रडू लागला. घरी बायकामुले उपाशी असता त्याला घास गिळवेना. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविले. ते भुकेल्या लोकांनी लुटले, आणि मग पंढरपूरचे लोकच पंतांच्या दारात येऊन उभे राहिले.

आता घरचा शिधा पुरणार नव्हता. कोठारात धान्य होते, पण ते बादशहाचे. हुकूम मागवावा तर बीदर लांब. जाब येईतो माणसे मरणार. कचेरीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पेच समजावून सांगावयास नको. पंतांनी कुलूप काढले. मान जाईल हे जाणून काढले.

चुगली झालीच. शिपाई त्यांना बीदरला घेऊन निघाले. वाटेत पंतांनी पंढरीचे दर्शन घेतले. तिकडे पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने दरबारात धान्याची रक्कम भरली व पावती घेतली. ती पावती पंतांना गीतेच्या पोथीत सापडली. देवाने हेच रूप का घेतले? गावचा वसूल कचेरीत पोचविण्याचे काम त्या काळी महारांकडे असे. ज्यांची सावली लोकांना चालत नव्हती, त्यांच्याच इमानावर सरकारचा खजिना चाले. कथा सांगताना हे फारसे कोणी सांगत नाही.

चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. पण कुलूप काढताना पंतांना त्या पावतीची कल्पना नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्यांनी बादशहाची चाकरी सोडली आणि ते पंढरीस जाऊन राहिले, असे कथेत आहे. मंगळवेढ्यात त्यांचे मंदिर आहे. पंढरीचे अनेक वारकरी तेथेही माथा टेकून जातात.