चार वॉट आणि एक छत : मोटरहोमवरच्या सीबी अँटेनाचा इतिहास

१/ नोव्हेंबर १९७३. अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखल्याला महिना उलटला होता. शनिवारी रात्रीपासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत पेट्रोल विकू नये, असे आवाहन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपचालकांना केले होते. महामार्गावर घरासह प्रवास करणाऱ्या कुटुंबापुढे एकच प्रश्न होता : पुढचा उघडा पंप कुठे आहे? त्याचे उत्तर नकाशात नव्हते. ट्रकचालक ज्या लहरींवर एकमेकांशी बोलत होते, त्या लहरींत ते होते.

२/ ते उत्तर ऐकायचे तर दोन वस्तू हव्या होत्या : वहीएवढ्या आकाराचा एक रेडिओ संच आणि गाडीवर बसवलेली एक काठी. संच दुकानातून आणून जोडणे सोपे होते. काठी बसवणे मात्र मोटरहोमच्या मालकांना चांगलेच जड गेले. तसे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३/ सामान्य नागरिकाला परीक्षा न देता वापरता येईल अशी रेडिओ सेवा असावी, ही कल्पना अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजेच एफसीसीने, १९४५ मध्ये मांडली. वॉकी-टॉकीचे एक जनक आल्फ्रेड ग्रॉस यांच्या कंपनीने त्यासाठी संच बनवले आणि १९४८ मध्ये त्यांना मान्यता मिळवली. परंतु ही सेवा ४६० ते ४७० मेगाहर्ट्झच्या उच्च पट्ट्यात होती. त्या काळी त्या पट्ट्याचे संच महाग पडत, आणि सेवा फारशी पसरली नाही.

४/ खरे वळण सप्टेंबर १९५८ मध्ये आले. हौशी रेडिओकारांकडचा ११ मीटरचा पट्टा काढून घेऊन एफसीसीने तो नागरिकांना दिला. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या या पट्ट्यात २३ चॅनेल पाडण्यात आले. यालाच पुढे जगाने ‘सिटिझन्स बँड’ किंवा नुसते ‘सीबी’ म्हणून ओळखले. हौशी मंडळींना हा निर्णय मुळीच रुचला नाही, आणि दोन्ही गटांतली ती कटुता पुढे बरीच वर्षे टिकली.

५/ या सेवेचा नियम मोठा समतावादी होता. संच कोणाचाही असो, हवेत जाणारी शक्ती ४ वॉटच्या वर जाता कामा नये. गिरणीमालकाला चार वॉट आणि शेतमजुरालाही चारच. रात्री लावायच्या जुन्या झिरोच्या दिव्यालाही याहून अधिक वीज लागे. शक्ती वाढवण्याची वाट अशी कायद्याने बंद केल्यावर आवाज एक मैल जाईल की दहा मैल, हे एकाच गोष्टीवर ठरू लागले : अँटेना आणि ती ज्यावर उभी आहे तो पृष्ठभाग.

६/ येथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर भरते. गाडीवरच्या उभ्या अँटेनासाठी तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर, ही स्वाभाविक लांबी. पण अशी काठी म्हणजे अर्धीच अँटेना. तिच्यात वर चढणाऱ्या प्रवाहाला तोलून धरणारा प्रवाह खाली धातूच्या पृष्ठभागात वाहावा लागतो. टाळी एका हाताने वाजत नाही, तसेच हे. या दुसऱ्या हाताला ‘ग्राउंड प्लेन’ म्हणतात. मार्कोनीने १८९५ च्या सुमारास आपल्या यंत्राचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे जमिनीला जोडले, तेव्हा त्याच्यासाठी हा दुसरा हात प्रत्यक्ष धरणीचा होता.

७/ मोटारीत हे काम पोलादी टप आणि पत्र्याचे अंग करते. त्यामुळे टपाच्या मधोमध एक छोटी अँटेना लावली, की साधी सेडान गाडीही उत्तम प्रक्षेपक ठरे. ट्रकवाल्यांनी दोन्ही बाजूंच्या आरशांच्या लोखंडी दांड्यांना एकेक काठी बांधली. त्या दांड्या केबिनला आणि केबिन पुढे सांगाड्याला जोडलेली असे.

८/ तेलसंकटाने या साधनाला एकाएकी जनतेचे करून टाकले. २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. ट्रकचालकांनी महामार्ग अडवले, संप केले आणि त्यांची जुळवाजुळव सीबीवरून झाली. वृत्तपत्रांतून हे वाचणाऱ्या मध्यमवर्गाला या यंत्राचे आकर्षण वाटू लागले. मार्च १९७५ मध्ये परवान्याचे शुल्क २० डॉलरवरून ४ डॉलरवर आले. जानेवारी १९७६ मध्ये ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकचालकांवरचे गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिले झाले. त्याच वर्षी निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर बोलल्या.

९/ अर्जांच्या ढिगाखाली एफसीसी इतकी दबली, की अखेर लोकांना तात्पुरता परवाना स्वतःच भरून घेण्याची मुभा मिळाली. ‘के’ हे अक्षर, नावाची आद्याक्षरे आणि टपालाचा क्रमांक जोडला, की झाले संकेतनाम तयार. (त्याच काळात भारतात घरातला साधा रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

१०/ याच वर्षांत मोटरहोमही भरात आले होते. इंजिन, स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि शौचालय एकाच सांगाड्यावर बसवलेले हे वाहन. मिशिगनमधील रे फ्रँक यांनी साठच्या दशकाच्या आरंभी ते कारखान्यात बनवायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीचे अंग लवकरच फायबरग्लासचे झाले आणि तीच पुढे ‘ट्रॅव्हको’ म्हणून गाजली. आयोवामधल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागोने १९६६ मध्ये या धंद्यात उडी घेतली आणि किंमत खाली आणली. १९७३ मध्ये जनरल मोटर्सनेही आपले मोटरहोम बाजारात आणले.

११/ सीबीची सर्वाधिक गरज याच प्रवाशांना होती. गाडी अवजड, तेलाची भूक मोठी, वाटा अनोळखी, आणि पाठीमागच्या बाकावर मुले किंवा म्हातारी माणसे. नेवाडाच्या वाळवंटात इंजिन तापून बंद पडले, तर जवळचा टेलिफोन कित्येक मैल दूर असू शके. चॅनेल ९ हा १९७० पासून आणीबाणीसाठी राखीव होता, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिअ‍ॅक्ट’ या संघटनेचे स्वयंसेवक घरोघरी त्यावर कान लावून बसत. अर्थात हाक त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर.

१२/ आणि मोटरहोमवरून ती पोहोचणे अवघड होते. पहिली अडचण उंचीची. छत जमिनीपासून सुमारे ३ मीटर. त्यावर १०२ इंची, म्हणजे २.६ मीटरची पोलादी काठी उभी केली, तर टोक साडेपाच मीटरच्या वर जाते. अनेक पुलांखालची मोकळी जागा ४.३ ते ४.९ मीटर. म्हणजे प्रत्येक पुलाखाली फटका ठरलेला. पेट्रोलपंपाचे छप्पर आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या वेगळ्याच. म्हणून मग मीटर-सव्वा मीटरची आखूड काठी घेऊन तिच्यात तारेचे वेटोळे बसवायचे. वेटोळे लांबीची उणीव भरून काढते. पण काही शक्ती उष्णतेत घालवते आणि अँटेनाचा कामाचा पट्टाही अरुंद करते.

१३/ दुसरी अडचण अधिक खोल होती. टाळीचा दुसरा हातच जागेवर नव्हता. फायबरग्लास विजेचा वाहक नाही. विनेबागोच्या भिंती ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे फोम आणि आत लाकडी फळी अशा थरांच्या होत्या. असा पत्रा चांगला उपयोगी पडू शकतो, पण तो खालच्या पोलादी चासीला विजेच्या दृष्टीने जोडलेला असेलच असे नाही. आरशाची दांडी फायबरग्लासमध्ये स्क्रूने पिळलेली. मागची शिडी दिसायला भक्कम धातूची, पण प्रत्यक्षात अधांतरी.

१४/ शिडी ही मालकांची आवडती जागा. चढायला सोपी, छताला भोक पाडायला नको, पकड लावून अँटेना घट्ट बसते. नवखा माणूस तेथे काठी बसवतो, केबल पुढच्या संचापर्यंत ओढतो, आणि शंभर पावलांवरच्या मित्राला आवाज पोहोचला की खूश होतो. दोन मैलांवर त्याचा आवाज कुजबुजीएवढा उरतो. उपाय स्वस्त होता : शिडीच्या पायापासून चासीपर्यंत तांब्याची चपटी, विणलेली, शक्य तितकी आखूड पट्टी, आणि जोड्याच्या जागी रंग खरवडून उघडा धातू. रंगावर घट्ट बसवलेला बोल्ट डोळ्यांना समाधान देतो, प्रवाहाला नाही. काहींनी छतावर धातूची जाळी किंवा पत्रा पसरून नवा ग्राउंड प्लेन उभा केला. तो ११ मीटरच्या लहरीच्या मानाने लहानच, तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

१५/ काम जमले की नाही, हे सांगणारे उपकरण म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर. अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत फिरते, ते तो दाखवतो. काटा १.५ वर असेल तर सुमारे ४ टक्के, २ वर ११ टक्के, आणि ३ वर चक्क चौथा हिस्सा माघारी येतो. अशा वेळी संचातला शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याची भीती असते. पहिल्या आणि शेवटच्या चॅनेलवर माप घ्यायचे. शेवटच्यावर काटा जास्त असेल तर काठी लांब आहे, पहिल्यावर जास्त असेल तर आखूड. मग थोडे कापायचे किंवा वर सरकवायचे. मात्र मीटर समाधानी म्हणजे अँटेना समर्थ, असे समीकरण नाही. वाईट वेटोळे शक्ती गिळून उष्णता करते, तेव्हाही काटा सभ्यपणे खाली बसतो.

१६/ १ जानेवारी १९७७ रोजी चॅनेल २३ वरून ४० झाले. कागदावर ही भेट होती. पण पट्ट्याची रुंदी २९० किलोहर्ट्झवरून ४४० वर गेली, आणि २३ चॅनेलांसाठी नेटकी जुळवलेली आखूड अँटेना वरच्या चॅनेलांवर कुरकुरू लागली. नवा संच घेतलेल्यांना पुन्हा शिडी चढावी लागली.

१७/ ट्रकसारख्या दोन काठ्या लावण्याची हौसही आली. दोन्हींना ठरावीक लांबीच्या केबलने एकाच वेळी शक्ती दिली, की आवाज रस्त्याच्या पुढे-मागे अधिक जातो, बाजूंना कमी. ट्रकला हेच हवे होते. मात्र त्यासाठी काठ्यांत सुमारे पावणेतीन मीटर अंतर असावे आणि मोटरहोमची रुंदी अडीच मीटरच्या आत. लाभ तुटपुंजा, पुष्कळ ठिकाणी दुसरी काठी केवळ रुबाबासाठी होती, असेच म्हणावे लागते.

१८/ ज्यांना हे सारे नको होते, त्यांच्यासाठी ग्राउंड प्लेनविना चालणाऱ्या अँटेना निघाल्या. फायबरग्लासच्या नावा आणि मोटरहोम हे त्यांचे मुख्य ग्राहक. त्यांतल्या अनेक प्रकारांत सोबत आलेली केबल हाच अँटेनाचा भाग असतो. जास्त वाटते म्हणून ती कापली, की सगळा मेळ बिघडतो. हे न कळल्याने किती सुबक कपाटांमागे किती अँटेना निकामी झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. केबल छतातून आत घेणे हाही एक प्रश्न. नवे भोक म्हणजे पावसाला आमंत्रण, आणि लाकडी छतात मुरलेले पाणी दिसेपर्यंत लाकूड कुजलेले असते. जाणती माणसे फ्रिजच्या आधीपासून असलेल्या छतावरील झरोक्यातून केबल उतरवत.

१९/ याहून झटपट मार्ग बेकायदा होता : ॲम्प्लिफायर. छतावर घाम गाळण्याऐवजी शंभर वॉटचा डबा. त्याने आपला आवाज मोठा होतो, पण दुसऱ्याचा मोठा होत नाही. चांगली अँटेना बोलते आणि ऐकतेही. ॲम्प्लिफायर फक्त बोलतो. वाळवंटात अडकलेल्याला उत्तर ऐकू येणेच महत्त्वाचे, हे या खरेदीत विसरले जाई. १९७८ मध्ये एफसीसीने २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अशा यंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली.

२०/ अँटेनाने माणसे मारलीही. घराच्या आवारात उंच खांब उभा करताना तो वरच्या वीजवाहिनीला टेकून विजेच्या धक्क्याने मृत्यू होऊ लागले. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७८ पासून अशा अँटेनांवर धोक्याची सूचना सक्तीची केली आणि १९८२ मध्ये विद्युतरोधक आवरणाचे मानक आणले. मोटरहोमच्या तळावर मुक्कामाला थांबून खांब उभारणाऱ्यांनाही डोक्यावरची तार तितकीच जवळ होती.

२१/ परवान्याचे शुल्क १९७७ च्या आरंभी पूर्ण रद्द झाले आणि १९८३ मध्ये परवानाही गेला. तोवर लाट ओसरली होती. गजबजाटाला कंटाळून पुष्कळांनी संच बंद केले होते. पुढे मोबाइल आला. ट्रकचालक अजूनही चॅनेल १९ वर भेटतात, आणि मोटरहोमच्या मागच्या शिडीला बांधलेली काठीही अधूनमधून दिसते. २०२१ मध्ये एफसीसीने सीबीवर एफएम पद्धतीने बोलण्यास परवानगी दिली. त्यासाठीही मर्यादा ठेवली ती ४ वॉटचीच.