‘हिंदू’ नावाचा वंश

‘हिंदू’ हा शब्द आपण धर्माचा वाचक म्हणून उच्चारतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द वंशाचा वाचक होता, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२०, १९३० आणि १९४० या तीन खानेसुमारींत तेथील गणकांना वर्णाच्या रकान्यात जी नावे लिहावयाची होती, त्यांत गोरा, निग्रो, चिनी, जपानी यांच्याबरोबर ‘हिंदू’ हेही एक नाव होते. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत राबणारे हे ‘हिंदू’ बहुतांशी पंजाबातील शीख होते. काही मुसलमानही होते. धर्म कोणताही असो, हिंदुस्थानातून आलेला तो हिंदू, असा तेथील सरळ हिशेब होता.

नाव एकदा चिकटले की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन संस्थानातील बेलिंगहॅम गावी शेकडो गोऱ्यांच्या जमावाने या मजुरांना त्यांच्या बिऱ्हाडांतून ओढून बाहेर काढले. थोड्याच दिवसांत ते सर्व गाव सोडून गेले. त्यांच्यापैकी कोणाचा काय अपराध, हे विचारण्याची गरज जमावाला भासली नाही.

जमावाचे जे मत, तेच पुढे कायद्याचे झाले. १७९० च्या कायद्याने परदेशीयांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसास नागरिकत्व मिळत असे. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांस ते खुले झाले. आशियाई मनुष्य या दोहोंत बसतो काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येऊ लागला. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. अवघ्या तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला.

थिंड हे अमृतसरकडील शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात दाखल झाले होते आणि सन्मानाने मुक्त झाले होते. तरीही न्यायालयाच्या कागदांत त्यांचा उल्लेख ‘उच्चवर्णीय हिंदू’ असाच आहे. तत्कालीन वंशशास्त्राच्या ग्रंथांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांची गणना कॉकेशियनांत केलेली होती, म्हणून थिंड गोरे ठरतात, असा त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती सदरलंड यांनी तो मानला नाही. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकन मनुष्य ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा त्यांनी निर्णय दिला. तीन महिन्यांपूर्वी ज्या शास्त्राच्या आधारे जपान्यास दाराबाहेर ठेवले, तेच शास्त्र हिंदी माणसाच्या उपयोगी पडू लागताच बाजूस सारण्यात आले.

येथे आपणही अंतर्मुख व्हावयास हवे. थिंड यांच्या बाजूने असेही मांडले गेले होते की, गोरा अमेरिकन विवाहसंबंधांत निग्रोस जसा दूर ठेवतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू येथील आदिवासींस दूर ठेवतो. आपल्या समाजातील भेद तेथे लज्जेची गोष्ट म्हणून नव्हे, तर पात्रतेचा दाखला म्हणून पुढे करण्यात आला. त्या दाखल्याने काही साधले नाही. एका उतरंडीवरची आपली वरची पायरी दाखवून दुसऱ्या उतरंडीवर जागा मागितली, आणि दुसऱ्या उतरंडीच्या मालकांनी ती नाकारली. वर्णभेदाचे दुःख सांगणाऱ्याने वर्णभेदाचाच आधार घ्यावा, हे या खटल्यातील सर्वांत बोचणारे सत्य आम्हांस वाटते.

थिंड यांच्या वर्णाबरोबर त्यांचे राजकारणही तपासले गेले. गदर चळवळीशी त्यांचा संबंध असल्याचे सांगून अधिकाऱ्यांनी त्यांच्या अर्जास आधीच विरोध केला होता. ही चळवळ आम्हां मराठी लोकांस परकी नाही. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून परतून १९१५ साली लाहोरास फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. १९१७-१८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे या चळवळीवर जो खटला चालला, तो ‘हिंदू कटाचा खटला’ म्हणूनच गाजला. अशा रीतीने एकच शब्द वर्णाचा शिक्काही झाला आणि राजद्रोहाचाही.

थिंड निकालानंतर पूर्वी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांचे नागरिकत्व गेले, मालमत्ता गेली. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. परंतु सखाराम गणेश पंडित या वकिलांनी झुंज दिली. हे नाव आमच्या वाचकांच्या कानांस ओळखीचे वाटेल. थिंड यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले होते. १९१४ साली ते स्वतः नागरिक झाले होते आणि त्या भरवशावर त्यांनी वकिली मांडली, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयाच्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येई. एकदा दिलेला आणि अपील न झालेला निर्णय सरकारला मागाहून उलटविता येत नाही, हे त्यांचे म्हणणे अपील न्यायालयाने १९२६ साली मान्य केले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला, आणि सरकारची ती मोहीम थंडावली. पंडित यांनी या वेळी आपण गोरे आहोत हे सिद्ध केले नाही. दिलेला शब्द पाळा, एवढेच मागितले, आणि ते जिंकले.

१९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांस नागरिकत्व खुले झाले, मात्र वर्षाकाठी प्रवेश केवळ शंभरांस. वर्णाची अट १९५२ साली समूळ गेली. १९४९ साली नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ साली कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तरीही जुनी खोड सुटली असे म्हणवत नाही. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा गावी एका शीख दुकानदाराची हत्या झाली. पगडी आणि दाढी पाहून मारेकऱ्याने त्याला शत्रू ठरविले होते. १९०७ साली शिखाला हिंदू म्हणून हाकलले, २००१ साली त्यालाच अरब समजून मारले.

आज आपली मुलेबाळे मोठ्या संख्येने त्या देशात नांदत आहेत, देवळे उभारीत आहेत. त्यांना हा इतिहास ठाऊक असावा. तो ठाऊक असलेला मनुष्य शेजारच्या कृष्णवर्णीयास किंवा मुसलमानास केवळ रूपावरून रस्त्यात अडविले जाते तेव्हा, आपण त्यांतले नव्हे, असे म्हणून बाजूस सरणार नाही, अशी आमची आशा आहे.