केंब्रिजचे संगणकगृह : ज्ञानाची खिदमत

आपल्या समाजातील शैक्षणिक समारंभात अल-ख्वारिज्मीचे नाव निघाल्याखेरीज सहसा राहत नाही. नवव्या शतकात बगदाद येथे खलीफा मामूनच्या आश्रयाने काम करणाऱ्या या गणितज्ञाच्या ग्रंथाच्या नावावरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द युरोपला मिळाला आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्या लॅटिन रूपावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द तयार झाला. हिंदुस्थानातील अंकपद्धती समजावून सांगणारा ग्रंथही त्याने लिहिला. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. विद्वानाला ग्रंथ लागतात, कागद लागतो, अनुवाद करून देणारे आणि नकला उतरवून देणारे हात लागतात. बगदादचे ‘बैतुल हिकमत’ आपल्याला आठवते ते त्यातील विद्वानांमुळे. पण विद्वानांची खिदमत करणारी माणसे नसती तर ही कीर्ती झाली असती काय?

हाच प्रश्न विसाव्या शतकात संगणकाच्या बाबतीत उभा राहिला. त्याचे एक फार चांगले उत्तर इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने दिले. ती हकीकत आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

केंब्रिज विद्यापीठाने १९३७ साली ‘मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी’ नावाची एक संस्था स्थापन केली. विद्यापीठाच्या कोणत्याही शाखेतील प्राध्यापकाला व संशोधकाला आकडेमोडीच्या कामी साहाय्य करावे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. त्या काळी आकडेमोड म्हणजे हाताने दांडा फिरवून चालवायची गणनयंत्रे. एकेका समीकरणापायी आठवडेच्या आठवडे जात. पुढे महायुद्ध आले आणि ही जागा युद्धाच्या कामाकडे गेली. युद्ध संपल्यावर १९४५ साली मॉरिस विल्क्स हे तरुण शास्त्रज्ञ संस्थेचे प्रमुख झाले.

१९४६ च्या मे महिन्यात एका परिचिताने अमेरिकेतून आणलेला एक अहवाल विल्क्स यांना केवळ एका रात्रीपुरता वाचावयास दिला. जॉन फॉन नॉयमन यांचा तो अहवाल होता. आज्ञा आणि आकडे दोन्ही आपल्याच स्मृतीत साठवणारा संगणक कसा असावा, याची मांडणी त्यात होती. त्या काळी झटपट नक्कल काढून देणारी यंत्रे हाताशी नव्हती. विल्क्स रात्री उशिरापर्यंत जागून तो अहवाल वाचीत बसले. पुढचा मार्ग हाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील व्याख्यानमालेस गेले आणि परतीच्या बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा करावयास आरंभ केला.

येथे विल्क्स यांनी घेतलेला एक निर्णय महत्त्वाचा आहे. सर्वांत वेगवान यंत्र बांधण्याच्या स्पर्धेत ते उतरले नाहीत. माहितीतल्या तंत्राने, लवकरात लवकर आणि भरवशाने चालेल असे यंत्र बांधावयाचे आणि ते प्राध्यापकांच्या हाती द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. चहा आणि केक विकणाऱ्या ‘लायन्स’ या कंपनीने त्यांना पैशाची व एका तंत्रज्ञाची मदत केली. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह आणि पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची स्मृती असलेल्या या यंत्राचे नाव ‘एडसॅक’. ६ मे १९४९ रोजी त्याने पहिली आज्ञावली बिनचूक पार पाडली व वर्गांचा एक तक्ता छापून दिला. सेकंदाला सुमारे ६५० आज्ञा हा त्याचा वेग. आज आपल्या मुलांच्या खिशातील फोनपुढे हा वेग काहीच नाही. पण हाताने दांडा फिरवणाऱ्या माणसाच्या तुलनेत ती क्रांती होती.

यंत्र चालू झाले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. पुष्कळ संस्थांची गोष्ट येथेच संपते. केंब्रिजची गोष्ट येथून सुरू झाली.

१९५० च्या आरंभापासून एडसॅक विद्यापीठातील संशोधकांच्या नियमित सेवेत दाखल झाले. व्यवस्था अशी होती. संशोधक आपली आज्ञावली कागदी फितीवर छिद्रे पाडून तयार करी. ती फीत एका दोरीवर, धोब्याच्या दोरीवर कपडे टांगावेत तशी, टांगली जाई आणि यंत्रचालक त्या फिती क्रमाने यंत्रात घालीत. यंत्राला एक ध्वनिवर्धक जोडलेला होता. त्याच्या आवाजावरून काम नीट चालले आहे की एकाच फेऱ्यात अडकले आहे, हे सरावलेल्या कानाला कळत असे. ज्यांना यंत्र स्वतः चालविण्याची परवानगी मिळाली होती, त्यांना रात्रीची वेळ मिळे. जॉइस व्हीलर या तरुण संशोधिका ताऱ्यांच्या रचनेवर काम करीत होत्या. त्यांच्या वाट्याला शुक्रवारची रात्र आली होती. मुलींच्या शिक्षणाची चर्चा करताना आपण ही शुक्रवारची रात्रही ध्यानात ठेवावी.

यंत्र मिळाले तरी आज्ञावली लिहिणार कोण? रसायनशास्त्राचा प्राध्यापक रसायन जाणतो, त्याला यंत्राची भाषा येत नाही. शिवाय चुका होतात. खुद्द विल्क्स यांना १९४९ सालीच उमगले होते की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलीतील चुका शोधण्यात जाणार आहे. यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय काढला, तो या हकीकतीचा गाभा होय. वर्गमूळ काढणे, कोनांची गुणोत्तरे काढणे, उत्तर नीट मांडून छापणे ही कामे सर्वांनाच लागतात. ती प्रत्येकाने नव्याने का लिहावीत? डेव्हिड व्हीलर यांच्या कल्पकतेने अशा छोट्या, तपासून पाहिलेल्या उप-आज्ञावलींचा संग्रह तयार झाला. त्यांच्या फिती कपाटात क्रमाने लावून ठेवलेल्या असत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. कोणीही यावे, हवी ती फीत घ्यावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावी. एकाने केलेली मेहनत सर्वांच्या कामी येऊ लागली. आज्ञावली मध्येच बंद पडली तर ती कोठे बिघडली हे दाखविणाऱ्या खास आज्ञावलीही स्टॅन्ली गिल यांनी तयार केल्या.

पुढची पायरी शिक्षणाची. १९५० पासून केंब्रिजमध्ये आज्ञावली लेखनाचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. १९५१ च्या वर्गाला हॉलंडहून एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा विद्यार्थी आला होता. पुढे त्याची गणना जगातील थोर संगणकशास्त्रज्ञांत झाली. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर व गिल यांनी आपल्या कपाटातील सारी विद्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि १९५३ साली विद्यापीठाने या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला.

या सेवेची किंमत काय होती, हे ती नसताना दिसून आले. अँड्र्यू हक्स्ली आणि अ‍ॅलन हॉजकिन हे केंब्रिजमधील शास्त्रज्ञ मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो याचा शोध घेत होते. त्यांची समीकरणे १९५१ साली तयार झाली. पण नेमके त्याच वेळी एडसॅक सुधारणेसाठी काही महिने बंद होते. हक्स्ली हातयंत्र घेऊन बसले आणि दांडा फिरवीत त्यांनी ती आकडेमोड केली. मज्जातंतूतून पुढे सरकणाऱ्या एका लहरीच्या हिशोबाला त्यांना सुमारे तीन आठवडे लागले. या संशोधनास १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हक्स्लींसारखा चिकाटीचा माणूस यंत्राविना निभावून नेतो. परंतु प्रत्येक प्राध्यापकाच्या नशिबी तीन आठवड्यांची सवड नसते. पुढे हक्स्लींनीही अशा कामासाठी संगणकच वापरला.

मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधणारे जॉन केंड्र्यू आधी एडसॅकवर आणि नंतर १९५८ साली सेवेत आलेल्या ‘एडसॅक-२’ वर विसंबून होते. त्यांना १९६२ साली मॅक्स पेरुत्झ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मार्टिन राइल यांच्या रेडिओ-खगोलशास्त्रातील पद्धतीला फार मोठ्या आकडेमोडीची गरज होती. त्यांचे नोबेल १९७४ चे. ज्यांनी फिती दोरीवर टांगल्या, रात्री व्हॉल्व्ह बदलले, कपाटातील फिती नीट लावून ठेवल्या, त्यांची नावे पारितोषिकावर नसतात. परंतु त्यांचा हात या यशाला लागलेला आहे.

एडसॅक १९५८ च्या जुलैमध्ये बंद झाले. १९६४ साली ‘टायटन’ संगणक आला आणि पुढे काही वर्षांतच प्राध्यापक दूरमुद्रकावर बसून एकाच वेळी त्याचा उपयोग करू लागले. अनेकांची कामे एकाच यंत्रात आली, तेव्हा प्रत्येकाची अमानत सांभाळणे ओघानेच आले. १९६७ च्या सुमारास रॉजर नीडहॅम यांनी परवलीचा शब्द उलट वाचता येणार नाही अशा रूपात साठविण्याची युक्ती केली. आज आपण जो पासवर्ड रोज वापरतो, त्याच्या रक्षणामागे हेच तत्त्व आहे. १९७० साली विद्यापीठाने संस्थेत दोन विभाग केले, एक अध्यापन-संशोधनाचा व दुसरा संगणक-सेवेचा. सेवा हे संशोधनाइतकेच जबाबदारीचे काम आहे, ही त्यामागील जाणीव. हा सारा इतिहास केंब्रिजचेच प्राध्यापक हरून अहमद यांनी २०१३ साली ग्रंथरूपाने मांडला, ही आपल्याला आनंद देणारी गोष्ट आहे.

आपल्या मुंबईशीही केंब्रिजचा एक धागा जुळतो. केंब्रिजमध्ये शिकलेल्या होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तेथे देशी बांधणीचा ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला आणि त्याचा लाभ बाहेरच्या संस्थांनाही मिळू लागला. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत संगणक आला, तेव्हा त्याच्यासोबत इतर ठिकाणच्या अध्यापकांसाठी शिक्षणवर्गही सुरू झाले.

आता आपल्या घरचे. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजाच्या एका शाळेत मी गेलो होतो. दानशूर मंडळींनी दिलेले संगणक तेथे स्वच्छ कापडाखाली झाकलेले होते. चौकशी केली तेव्हा कळले की, किल्ली कार्यालयात असते आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने शिक्षक ती मागतच नाहीत. शिक्षकांचा त्यात दोष नव्हता. यंत्र देणाऱ्यांनी यंत्र दिले होते. शिक्षकाशेजारी बसून ‘घाबरू नका, मी आहे’ असे म्हणणारा माणूस कोणी दिला नव्हता.

म्हणून पालक बंधू-भगिनींना व संस्थाचालकांना नम्र विनंती अशी की, पुढच्या वेळी संगणकासाठी देणगी गोळा कराल, तेव्हा तिच्यातील एक वाटा एका जाणकार सहायकाच्या पगारासाठी बाजूला काढा. संगणकगृहाची वेळ ठरवून दारावर लावा. एका शिक्षकाने तयार केलेला चांगला पाठ, प्रश्नसंच वा तक्ता इतर शाळांच्या शिक्षकांना मिळेल, असे केंब्रिजसारखे एक सामाईक कपाट उभे करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शिक्षकांना यंत्र शिकविण्यात कमीपणा मानू नका, शिक्षकांनीही तो मानू नये. इल्मची खिदमत हीही इबादतच आहे, असे आपले वडीलधारे सांगत आले. ती खिदमत करणारा एक माणूस प्रत्येक शाळेत मिळाला, तर कापडाखालचे संगणक उघडायला वेळ लागणार नाही.