हिरव्या कार्डावरची तारीख

मागच्या व्याख्यानात आपण १९४६ पाशी थांबलो होतो. अमेरिकेने त्या वर्षी भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा दिला आणि तिथलं नागरिक होण्याची मुभाही. आज त्याच सुमारास जन्मलेल्या एका कागदाकडे बघू. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी फोनवर हे ऐकलं असेल : "ग्रीन कार्डाची मुदत संपतेय, यंदा यायचं की नाही ते बघू." ही धास्ती कितपत खरी, हे त्या कार्डाच्या इतिहासातून बरंच उलगडतं.

१९४० मध्ये, युद्धाच्या सावलीत, अमेरिकेने परदेशी लोकांची नोंदणी सक्तीची केली. माणसं टपाल कचेरीत जायची, फॉर्म भरायची, बोटांचे ठसे द्यायची. मग पावतीचं कार्ड घरी यायचं. सुमारे पन्नास लाख लोकांनी नोंद केली. आता गंमत बघा : कायदेशीर आलेला असो की चोरवाटेने, पावती दोघांना सारखीच. म्हणजे ती नोंद झाल्याची खूण होती, राहण्याच्या हक्काची नव्हे. युद्ध संपल्यावर नोंदणी बंदरांवर गेली, दर्जानुसार निरनिराळी कार्डं निघाली, आणि कायम रहिवाशाच्या वाट्याला हिरवं आलं. १९५२ च्या कायद्याने अठरा वर्षांवरच्यांनी ते सतत जवळ बाळगणं बंधनकारक केलं. ते आजही आहे.

१९६४ मध्ये कार्ड निळं झालं, पुढे आणखी रंग बदलले, नाव मात्र हिरवंच राहिलं. आणि इतकी वर्षं त्यावर मुदतीची तारीखच नव्हती! १९६५ च्या कायद्यानंतर मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या पहिल्या पिढीने कार्ड घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं.

तारीख आली १९८९ मध्ये : दहा वर्षं. आमच्या मते कारण साधं आहे. बनावट कार्डांचा सुळसुळाट होता, आणि तरुणपणीच्या फोटोवरून म्हातारा माणूस ओळखायचा कसा? हक्क पुन्हा तपासायचा हा हेतू नव्हता. मग बिनतारखेच्या कार्डांपैकी सगळ्यात जुन्या प्रकारची, आय-१५१ कार्डं बदलून घ्या असा हुकूम निघाला, आणि मार्च १९९६ मध्ये ती पुराव्यातून बाद झाली. बदलायला ७५ डॉलर, नागरिकत्वाचा अर्ज ९५ डॉलरचा. अनेकांनी हिशेब केला आणि सरळ नागरिकत्वच मागितलं. आपल्या लोकांना हा हिशेब जड होता, कारण त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागे. ओसीआयची सोय तेव्हा नव्हती.

मुद्दा हा, की कार्ड बाद झालं तरी माणूस रहिवासीच राहिला. दहा वर्षांच्या कार्डाला हेच आजही लागू आहे. मुदतीच्या आधी सहा महिन्यांत आय-९० अर्ज करायचा. त्याची पोचपावती जुन्या कार्डाबरोबर दाखवली की सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाने मुदत ३६ महिने वाढलेली धरतात. ती पावती जपून ठेवा, नुसता कागद म्हणून रद्दीत जाऊ देऊ नका. कार्ड दाखवून नोकरीला लागलेल्या कायम रहिवाशाकडे, कार्ड संपलं म्हणून मालकाने पुन्हा कागद मागायचे नसतात. मागतात पुष्कळदा, ते सोडा.

पण एक कार्ड वेगळं आहे, आणि गफलत तिथेच होते. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जोडीदारामुळे रहिवास मिळाला, तर कार्ड दोनच वर्षांचं असतं. ही १९८६ च्या कायद्याची देणगी, खोट्या लग्नांना आळा म्हणून. इथे आय-९० चालत नाही. मुदतीच्या आधीच्या नव्वद दिवसांत, सहसा नवरा-बायकोने मिळून, आय-७५१ भरायचा. नाही भरला तर कार्डाबरोबर रहिवासही जातो. संसार मोडला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर एकट्यानेही तो भरता येतो, आणि त्यासाठी नव्वद दिवसांची वाट पाहावी लागत नाही. नुकतंच लग्न होऊन गेलेल्या मुलीला आई-वडिलांनी हे फोनवर जरूर सांगावं. कार्ड तिचं तिच्याजवळच असू दे, हेही.