मरुभूमीतील आमची बाग

मंडळाच्या बागेचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहावा, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही जुन्या इतिवृत्तांच्या वह्या चाळल्या. त्यांत गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब सापडला, नाट्यप्रयोगांतील पात्रांच्या याद्या सापडल्या. परंतु बागेविषयी एकच वाक्य थोड्याफार फरकाने सलग कित्येक वर्षे आढळले : 'उन्हाळ्यात रोपे जळाली, सबब नवीन रोपे आणावीत.' वस्तुतः बागेच्या पूर्वार्धाचा इतिहास एवढाच आहे.

जोधपूर हे काही अचानक उष्ण व रुक्ष झालेले गाव नव्हे. राव जोधाने 1459 मध्ये मंडोर सोडून या खडकावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हापासून येथील माणूस पाण्याचा हिशेब करीत आला आहे. वर्षाकाठी पाऊस सरासरी 36 सेंटिमीटर. कोकणात आषाढाच्या एका झडीत एवढा पडून जातो. म्हणून गडाच्या पायथ्याशी राणीसर व पदमसर, शहरात जागोजागी बावड्या आणि पुढे 1872 मध्ये बांधलेला कैलाना तलाव. 1899-1900 च्या 'छप्पनिया' दुष्काळाचे नाव वृद्ध मंडळी आजही जपून उच्चारतात. गेल्या शतकाच्या अखेरीस सतलज-बियासचे पाणी कालव्याने येथवर पोहोचले आणि बावड्यांकडे शहराने पाठ फिरविली. (परिणामी जुन्या शहरातील काही तळघरांत भूजल वर येऊ लागले, मारवाडात पाण्याची तक्रार अशीही असू शकते, हे आम्ही येथेच पाहिले.) तथापि कालव्याची दुरुस्ती निघते ती बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशीच. ती 'नहरबंदी' म्हणजे काय, हे येथील गृहिणीस सांगावयास नको.

अशा गावी आमच्या पूर्वसुरींनी हरळी, मोगरा, जास्वंद लावली आणि रत्नागिरीहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आंब्याची दोन कलमे आणविली. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. घरापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर आलेल्या माणसाला अंगणात जास्वंद हवीशी वाटते, यात नवल ते काय? पण वृक्षारोपणाचा मुहूर्त होता महाराष्ट्रदिनाचा, म्हणजे 1 मे! आणि भाषणे, नारळ, पेढे आटोपून आठवड्याभरात सारी मंडळी पुणे, नागपूर, साताऱ्याकडे रवाना होत. शाळा मेमध्ये बंद, रजा मेमध्ये मंजूर, लग्ने मेमध्येच. ज्या पाच-सहा आठवड्यांत रोपाला पाणी द्यावयाचे, नेमक्या त्याच आठवड्यांत मंडळाच्या फाटकाला कुलूप. लू वाहू लागली की दुपारी पत्र्याचा डबा हातात धरवत नसे. आम्ही बदलून येथे आलो त्या वर्षी जूनअखेर परतलेल्या मंडळींनी पाहिली ती केवळ आळी होती. आंब्यांच्या जागी दोन काठ्या उभ्या होत्या. एका वृद्ध सदस्यांना त्या दिवशी चहा गेला नाही. कलमे त्यांच्याच गावची होती.

बाग मोडावी, फरसबंदी करून तेथे मांडव घालण्याची सोय करावी, असा ठराव त्यानंतरच्या सभेपुढे आला. तो दोन मतांनी फेटाळला गेला. त्यांतील एक मत आमचे, आणि ते फारशा विश्वासाने दिलेले नव्हते.

बाग वाचविली ती शेजारच्या एका म्हाताऱ्या माळ्याने. त्यांना सारे 'बासा' म्हणत. त्यांनी आमची आळी उकरून पाहिली आणि म्हणाले, तुम्ही झाडे नव्हे, वाळवी पाळली आहे. न कुजलेले शेण वाळवीला आवतण देते, हे आमच्यातील एकाही पदवीधराला ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी सांगितले तसे केले. खड्डा उन्हाळ्यातच खणून कंकराचा थर फोडून ठेवावा. रोप मात्र आषाढातल्या पहिल्या चांगल्या पावसावर लावावे, म्हणजे पुढच्या मेपर्यंत मुळांना दहा महिने मिळतात. रोपाशेजारी बिनझिलईचा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवावे. पाणी पाझरत राहते आणि मुळे आपणहून माठाकडे येतात. दोन-तीन दिवसांनी माठ भरला तरी भागते. आणि बोर लावावे. बोराचे झाड उन्हाळ्यात पाने टाकून झोपते, त्याच सुमारास त्याची छाटणी करतात, आणि हिवाळ्यात ते फळते. मंडळी गावी जातात त्याच वेळी निजणारे झाड! गोला व सेब या जातींची आमची बोरे आता संक्रांतीच्या लुटीत असतात.

कुंपणाकडे माजलेल्या विलायती बाभळीचे प्रकरण अधिक कठीण होते. दुष्काळावर तोड म्हणून अमेरिका खंडातून आणलेला हा वृक्ष. संस्थानकाळात त्याचे बी विमानातून विखुरले, असे सांगतात. तोडला की दुप्पट जोमाने फुटतो. मेहरानगडाजवळ 2006 मध्ये राव जोधा मरुउद्यानाचे काम निघाले, तेव्हा हीच अडचण होती. खाणकाम करणारे खंडवालिये खडकावर हातोडी ठोकून, आवाजावरून भेग ओळखीत आणि मूळ हातभर खोल जाऊन छिन्नीने काढीत. आमच्या रविवारच्या स्वयंसेवकांनी तेच केले, अर्थात बऱ्याच संथपणे आणि बऱ्याच फोडांनिशी. सावली गेली म्हणून ज्यांनी नाराजी व्यक्त केली, त्यांचे म्हणणे काही अंशी खरे होते.

त्या जागी खेजडी लावली. हिच्याचसाठी 1730 मध्ये खेजडली गावी अमृतादेवी व तिच्यासह 363 बिश्नोईंनी प्राण दिले. राजस्थानने 1983 मध्ये हिला राज्यवृक्ष ठरविले. आणि ही खेजडी म्हणजे आपली शमी, हे आमच्या मुलांना प्रथम बासांच्या नातवाने सांगितले! आपटा येथे मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे आम्ही दसऱ्याला कागदाची पाने वाटत होतो. खेजडी संथ वाढते. लावणारे सदस्य पुढल्याच वर्षी बदलून गेले. गेल्या दसऱ्यास तिची चार पाने आम्ही त्यांना पाकिटातून पाठविली. एरवी ऐन वैशाखात, सारे करपलेले असताना, ती कोवळ्या पालवीने हिरवी असते. ते पाहावयास येथे थांबावे लागते.

येत्या मेच्या पाळीपत्रकात दोन आठवडे अद्याप रिकामे आहेत. पहिल्यापुढे आम्ही आमचे नाव घातले आहे.